आईला घाबरवलंस म्हणून

ती. दादास,

नमस्कार करते, पण रागातच.

मी बरी आहे. फोड सुकलेत, सोमवारपासून पुन्हा शिलाई मशीनवर बसणार आहे.

नागिणीची दोन टोकं जुळली की माणूस जातं, हे आईला सांगायची तुला काय गरज होती? दोन दिवस तिने अन्नाला हात लावला नाही, असं वहिनी फोनवर रडत म्हणाली. आई मला रोज एकच विचारते, "टोकं अजून किती लांब आहेत गं?"

अरे, नाव नागीण असलं तरी तो विषाणूचा आजार आहे. डॉक्टरीणबाईंनी मला समजावलं. लहानपणी कांजिण्या येऊन गेल्या की तो विषाणू नसांच्या मुळाशी दडून बसतो आणि अंगातली ताकद कमी झाली की उठतो. एकाच नसेच्या वाटेने जातो, म्हणून पट्टा बहुधा एकाच बाजूला राहतो. माझाही पाठीपासून बरगडीपर्यंत येऊन थांबला. दुसऱ्याच दिवशी गोळ्या सुरू केल्या म्हणून निभावलं. तुझं ऐकून लेप थापत बसले असते तर? अजून कपडा टेकला तरी कळ येते, पण हे आईला सांगू नकोस.

तिच्यासमोर बस, "माझं चुकलं" म्हण आणि तिला जेवायला लाव.

आणि कांजिण्या आपल्या दोघांना एकदमच आल्या होत्या, तेव्हा तो विषाणू तुझ्याही अंगात आहे. कधी एका बाजूला आग होऊन फोड आले, तर त्याच दिवशी दवाखाना गाठ. तुला काही झालं तर मी भांडू कुणाशी?

तुझी, अजून न निवळलेली,
धाकटी