मळवट भरूनच न्यावे

मी, सौ. मनुबाई मानसिंग फडतरे, वय तेवीस, राहणार कोरेगाव, हल्ली उपचारासाठी सांगली, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहिते. क्षय छातीत आहे, डोके शाबूत आहे. कोणी धाक घातलेला नाही. भीती आहे ती माझी मलाच.

१. माझे पती मराठा पलटणीत. बेचाळीस साली सिंगापूर पडले तेव्हापासून त्यांचा पत्ता नाही. सरकारी कागदात 'बेपत्ता' आहे, 'मृत' नाही. तरी थोरले दीर नानासो भाऊजी येत्या सर्वपित्रीला त्यांचा पळसाच्या पानांचा पुतळा करून जाळणार आहेत. "पितर उपाशी हिंडतंय, म्हनून घरात आजार शिरला," असे ते म्हणतात. रीत बारा वर्षे वाट पाहण्याची आहे. अडीचच झाली.

२. माझे आजोबा जोतीराम यांच्या आयुष्याची मी लिहिलेली वही नानासो भाऊजींना देते. त्यांनी ती एकदा तरी वाचावी. आजोबाही पलटणीतच होते; १९१६ साली इराकात बसऱ्याकडे, कुतच्या वेढ्यात तुर्कांच्या हाती सापडले. वर्षभरातच त्यांचे भाऊ आकाराम यांनी पुतळा जाळला. (त्या दिवसाची तिथी आजीने एक सांगितली, आकारामांनी दुसरी, म्हणून वहीत जागा कोरी ठेवली आहे.) आजी राहीबाईच्या बांगड्या फुटल्या. लढाई संपल्यावर आजोबा दारात उभे राहिले. भाऊ म्हणाले, "दादा, तुजं तेरावं घातलंय. गाव जेवून गेलंय. आता घरात कसा घिऊ?"

आजोबा पुढे अकरा वर्षे म्हसवडला सिद्धनाथाच्या देवळात राहिले. आजी दर रविवारी भाकरी घेऊन जाई. मला सोबत नेई. फरशीवर कोळशाने मला अक्षरे त्यांनीच शिकवली. एका बाईने विचारले, "आवं, ह्यो म्हातारा कोन तुमचा?" आजी म्हणाली, "ज्याच्या नावानं बांगड्या फोडल्या, त्योच ह्यो." ते वारले तेव्हा आकाराम आले नाहीत. "एका मानसाला दोनदा जाळत न्हाईत," असा निरोप धाडला.

३. माझे सोन्याचे चार मणी व माहेरचा पितळी हंडा पतीस देते. चुलते तात्या यांनी ते १९५४ सालापर्यंत सांभाळावे. पती आले की त्याच हंड्यात पाणी तापवून आधी त्यांना अंघोळ घालावी. मी गेल्याचे नंतर सांगावे.

४. सर्वपित्रीच्या आधी मला आगगाडीने कोरेगावला हलवावे. तोवर मी गेले तर सवाष्ण म्हणून न्यावे: हिरवे लुगडे, हिरव्या बांगड्या, कपाळभर मळवट, आणि वेशीतून, सगळ्या गावासमोर. सवाष्णीला खांदा दिला म्हणजे तिचा नवरा जिवंत आहे हे गावाने मानले. मग पुतळा कोणत्या तोंडाने जाळतील? सर्वपित्रीच्या दिवशी श्वास चालू असला तर मला उचलून पुतळ्यापुढे बसवावे. मी उठणार नाही.

५. सासूबाई अंबूबाई माझी सेवा करतात, तरी त्यांना काही ठेवलेले नाही. साक्षीदाराला मिळकत देऊ नये असे तात्या सांगतात, आणि मला त्यांची साक्ष हवी आहे. आज सकाळी त्यांनी विचारले, "पोरी, माजा मानसिंग खरंच जित्ता आसंल?" मी म्हणाले, "मला ठावं न्हाई, आत्याबाई. पर मेला म्हनायचा हक बी आपल्याला न्हाई." मग त्यांनी शाई पुढे ओढली.

सांगली, भाद्रपद पौर्णिमा शके १८६६, ता. २ सप्टेंबर १९४४.

सही: सौ. मनुबाई मानसिंग फडतरे

साक्षीदार:
१. तात्या जगदाळे, निवृत्त शिक्षक. सही.
२. अंबूबाई फडतरे, मानसिंगची आई. अंगठा. सर्व वाचून दाखवल्यावर त्यांनी अंगठ्याखाली एवढेच लिहायला सांगितले: "ल्योक जित्ता हाय. सून सवाष्ण हाय."