मामाची नवरी

नांदेड,
दि. ६ जून २०२५

चि. पुनम हिस अक्काचा शरणार्थ आणि आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक. ह्यांचा गुडघा दुखतो, पण डॉक्टरकडे जाऊ म्हटलं की लगेच बरा होतो. तुझ्या शांभवीच्या दहावीच्या मार्कांचे पेढे मी गल्लीभर वाटले, जणू पेपर मीच दिले होते.

पत्र कशाला, असं म्हणशील. फोनवर तुझा स्पीकर कायम चालू, शेजारी सासूबाई, आणि तुझं व्हॉट्सअ‍ॅप अख्खं घर वाचतं. म्हणून तुझ्या नोकरीच्या, पतसंस्थेच्या पत्त्यावर पाठवते आहे. एकटी असशील तेव्हाच वाच.

शांभवी क्लाससाठी लातूरला माणिकप्पा मामाकडे राहणार, असं परवा तू सांगितलंस. मी नुसतं "बघू" म्हणाले तर भडकलीस. "अक्का, सख्खा मामा हाय आपला. तुला कुनाचं चांगलंच दिसत न्हाई." तुझा राग मला कळतो. त्याच्या घरभरणीला मी आले नाही, साठीच्या कार्यक्रमाला तोंड दाखवून पळाले. तुम्ही सगळे मला गर्विष्ठ समजता. समजा.

तो सगळ्यांशीच वाईट असता तर किती सोपं झालं असतं! अप्पा गेल्यावर त्यानंच आपल्याला सांभाळलं. आईच्या आजारपणात दवाखान्यातून हलला नाही. सोयरीक असो की भावकीचं भांडण, लोक आधी त्याला विचारतात.

दहावीनंतर मी त्याच्या घरी राहिले, तुला आठवतंय. आपल्या भागात मामा-भाचीचं लग्न लागतं, म्हणून मामानं भाचीला "माझी नवरी" म्हणायची रीतच पडलेली. तोही म्हणायचा, मामीसमोर, चारचौघांत. सगळे हसायचे. मामी मठात गेली की तेच शब्द बोलत तो जवळ यायचा. मी नको म्हटलं तरी थांबायचा नाही. याहून जास्त मला लिहवत नाही.

रस्त्यात कुणी नुसता धक्का मारला असता तरी मी चप्पल काढली असती. त्याला छेड काढणं म्हणतात, हे मला ठाऊक होतं. मामा करायचा त्याला मात्र घरात एकच नाव होतं, मस्करी. मला वाटायचं, मस्करी न कळणारी मीच बावळट. सुट्टीत आले तेव्हा आईला म्हणाले, "मामाचं वागनं मला बरं वाटत न्हाई." भाकरी थापता थापता ती म्हणाली, "मामाचा हक्कच असतो गं तेवढा. लई मनावर घिऊ नको." तिला काय समजलं होतं, देव जाणे. मी पुढं बोललेच नाही. चार महिन्यांनी, लातूरचं पाणी मानवत नाही असं सांगून परत आले.

शाळेत मी पोरींना दरवर्षी सांगते, अनोळखी माणसाबरोबर जाऊ नका. मार्चमध्ये पाचवीतल्या एकीनं विचारलं, "म्याडम, आन् वळखीचा असला तर?" मी तिला "बस खाली" म्हणाले. दुसऱ्या दिवशी लाज वाटून तिला जवळ बोलावलं, नीट विचारलं. तिनं सहजच विचारलं होतं. झोप माझी गेली.

आणि निकालाच्या जेवणाला तुझ्याच घरी मामा शांभवीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला, "उज्वला तर हातची गेली, आता ही माझी नवरी." सगळे हसले. मीही हसले, पुनम. चाळिशीची बाई, मास्तरीण, आणि दात काढून हसले. शांभवी हसली नाही. ताट अर्धं टाकून आत गेली. तिला एकटीला बसवून विचार, आणि ती म्हणेल ते आधी खरं मान.

अजून एक राहिलंय. मी परत आले, त्यानंतर दोन वर्षांनी तुला त्याच घरी पाठवलं. तुझी पेटी एसटीत मीच चढवली. सगळं माहीत असून तोंड उघडलं नाही. दिवाळीला आलीस ती परत गेलीच नाहीस. सारखं डोकं दुखतं म्हणालीस. मी विचारलं नाही, कारण तू काय सांगशील याचीच मला भीती होती. आज विचारते. सांगावंसं वाटलं नाही तर सांगू नकोस. काही घडलंच नसेल तर मला वेडी म्हण, मी आनंदानं ऐकून घेईन.

पण पोरीला तिथं पाठवू नकोस. क्लास नांदेडलाही आहेत आणि आमची वरची खोली रिकामी आहे. घरी सांग, अक्कानं हट्ट धरला. मामाला मी स्वतः सांगेन, कारणासकट, मामीच्या समोर. तक्रारीचं आपण दोघी बसून ठरवू, आणि तू नाही म्हणालीस तरी माझ्यापुरती मी करणार आहे.

सोळा तारखेला क्लास सुरू होतात. पंधराला, रविवारी, सकाळच्या गाडीनं मी उदगीरला येते आहे. तू बोलावलं नाहीस तरी येणार. दार उघड.

तुला सावध न केलेली,
तुझी अक्का
उज्वला