फक्त गाडी लाल

१४ नोव्हेंबर २००४, रविवार
आजपासून रोजनिशी. मोठे फोटोग्राफर लिहितात म्हणे. कॅमेरा क्लबची स्पर्धा जानेवारीत, विषय 'घर आणि खिडकी'. कल्पना तयार आहे. आमची बाहेरची खोली पूर्ण काळीपांढरी, आणि खिडकीतून जाणारी एस.टी. तेवढी लाल! कॉम्प्युटरवर बाकीच्या सगळ्याचा रंग काढून टाकायचा. याला सिलेक्टिव्ह डिसॅच्युरेशन म्हणतात. अख्ख्या फुलेवाडीत हे माझ्याशिवाय कुणाला माहीत नाही.
अडचण एकच. खिडकीखाली दादांची कॉट.

१५ नोव्हेंबर
दादा म्हणजे माझे वडील, गणपती कंडक्टर. सगळी नोकरी गगनबावड्याच्या गाडीवर. अर्धांगवायूनं डावी बाजू गेली, पण आवाज शाबूत. दिवसभर खिडकीतून गाड्या बघतात आणि सगळ्या घराला ऐकू जाईल असं ओरडतात, "बावडा गेली! ड्रायव्हर नवा हाय, गिअर कसा टाकतोय बघ!" माझी बायको प्रीती त्या वेळेवरच कुकर लावते.
फोटोत मात्र ते येतात. ते, औषधाच्या बाटल्या, कॉटखालचं भांडं. क्रॉप करून बघितलं. दादांना कापलं की निम्मी खिडकी जाते.

२० नोव्हेंबर, शनिवार
कॉट आतल्या खोलीत हलवली. फक्त दोन दिवस. आत खिडकी नाही, पण धूळ नाही, पंखा आहे. दादांना समजावलं, कलेसाठी आहे. म्हणाले, "तुझ्या कलेला दुसरी जागा न्हाय व्हय?" विनोदबुद्धी शाबूत, म्हणजे तब्येत उत्तम. प्रीतीनं विचारलं, "आत नेलासा खरं, बाहेर कधी आणणार हाईसा?" सोमवारी, म्हटलं. बायकांना तारीख सांगितली की बरं वाटतं.

२२ नोव्हेंबर, सोमवार
गाडी चुकली. बटण दाबलं की हा कॅमेरा आधी विचार करतो, आणि तोवर गाडी नाक्यावर. दादांनी आतूनच आवाज दिला होता, "बावडा आली रं, तयार ऱ्हा!" आणि खरंच आली. भिंतीपलीकडून नुसत्या आवाजावर गाडी ओळखतात, म्हणजे त्यांना खिडकीची तशी गरज नाही. हे प्रीतीला सांगितलं. ती दादांना पाणी द्यायला आत गेली. पटलं असावं.

५ डिसेंबर, रविवार
गेल्या रविवारी जमलं! अर्धीच गाडी, पण लाल. दिवसभर बसून रंग काढला. खुर्ची, कॅलेंडर, पडदा, दोरीवरची प्रीतीची हिरवी साडी, सगळं राखाडी. क्लबातला मित्र बाळासो, त्याच्या फोटो लॅबमध्ये प्रिंट काढली. बाळासो एवढा खूष, की ही युक्ती त्यानं लगेच एका लग्नाच्या अल्बमात वापरली. नवरी रंगीत, नवरा काळापांढरा. मुलाकडची माणसं दुकानात चढली, "आमचा पोरगा काय मेलाय काय?" नव्या कलेला विरोध व्हायचाच.
कॉटचं लक्षात आहे. पण अर्ध्या गाडीला बक्षीस कोण देणार? पुढच्या रविवारी फोटो, संध्याकाळी कॉट. नक्की.

१९ डिसेंबर, रविवार
आज पूर्ण गाडी मिळाली. खुर्चीही क्रॉप केली, उगाच लक्ष वेधत होती. त्याआधी दादांनी दोनदा फसवलं. "बावडा!" म्हणून ओरडले, मी धावलो, तर पाण्याचा टँकर. पुन्हा ओरडले, तर उसाचा ट्रक. म्हटलं, दादा, जरा लक्ष देऊन ऐका की. म्हणाले, "हितनं समदं सारखंच ऐकू येतंय रं."
प्रीती म्हणते, ते नीट जेवत नाहीत, आणि सकाळ हाय का सांज, असं विचारतात. वय झालं की होतंच. कॉट हलवायची आहेच. पण खिडकीसमोर कॅमेऱ्याचा स्टँड पक्का बसलाय, आणि हिवाळ्यातला असा उजेड परत मिळायचा नाही.

२ जानेवारी २००५, रविवार
नव्या वर्षाचे संकल्प: स्पर्धेला फोटो देणे, कॉट हलवणे, वजन कमी करणे. फोटो देऊन आलो. सुरुवात झकास.
दादा हल्ली गाड्यांचं ओरडत नाहीत. कुकर दोनदा करपला. मग प्रीतीनं भिंतीवरचं घड्याळ स्वयंपाकघरात नेलं. घर एकदम शांत झालंय. माझ्यासारख्याला काम करायला छान. दुपारी जरा जास्तच शांत वाटलं, म्हणून रेडिओ लावला.

१६ जानेवारी, रविवार
निकाल. पहिला नंबर मांजराला! खिडकीत बसलेलं मांजर, रंग सगळे जसेच्या तसे. माझं नाव उत्तेजनार्थमध्येही नाही. परीक्षक माझ्या फोटोपुढे थांबले मात्र. म्हणाले, "फोटो स्वच्छ आहे. पण या घरात कुणी राहत नाही का?" बाळासो म्हणाला, ही दादच समज. मी तशीच समजलो.
आमच्या स्टॉपवर उतरेपर्यंत समजत होतो. मी बसमधून उतरलो की खिडकीतून दादांची आरोळी यायची, "आलास व्हय?" आज ती आली नाही. मग लक्षात आलं, कॉट आत नेल्यापासून ती कधीच आलेली नाही. रोज याच स्टॉपवर उतरत होतो. डोक्यात गाडीचा लाल रंग. वाईट वाटलं. फार वाईट वाटलं.

१७ जानेवारी, सोमवार
रजा टाकली. स्टँड काढला, पडदा काढला. प्रीतीनं आणि मी कॉट खिडकीखाली आणली. दादांच्या पाठीला दोन उशा दिल्या. खिडकी सताड उघडली. कॅमेरा कपाटात.
सकाळची बावडा आली. मीच ओरडलो, "दादा, बावडा! बघा की, ड्रायव्हर कोण हाय?"
त्यांनी बघितलं नाही. उजवा हात डोळ्यांवर घेतला आणि तोंड भिंतीकडे केलं. म्हणाले, "लाव ती खिडकी. उजेड सोसंना."
म्हटलं, थोडा वेळ बसा, सवय होईल. गाडी गेली, तिच्यामागनं दुसरी गेली. ते डोळ्यांवरचा हात काढेनात. म्हणाले, "मला आत ने."
मला रडू आलं. प्रीतीसमोरच. तिनं कॉटचं दुसरं टोक धरलं. परत आत नेली. उजेड थोडा तरी यावा म्हणून मी दार उघडं ठेवत होतो, तर दादा म्हणाले, "त्येबी लाव."