हुंकारी

माय, काल नंदुरबारच्या सभेत बोलले, टाळ्या पडल्या, आणि तुझी फार आठवण आली. आता कर्णा लावतात, आवाज पार पेठेच्या टोकाला जातो. पण टाळ्या येतात सगळं संपल्यावर. मधे नुसती सामसूम. समोरचे ऐकतायत की डुलक्या घेतायत, देव जाणे. तुझ्यासमोर असं कधी झालं नाही. तू भाकरी थापता थापता गोष्ट सांगायचीस आणि प्रत्येक वाक्याला मी ‘हूं’ म्हणायचं. मी विसरले की तुझा हात थांबायचा, राजाचा घोडा अर्ध्या नदीत अडकायचा. "हुंकारी दे, नही तं मी सांगत नही." मी वैतागायचे, पण घोडा पलीकडे जायला हवा म्हणून हूं म्हणायचे.

मग मी धुळ्याला शिकून आपल्याच गावात मास्तरीण झाले. कापूस वेचणी आली तशा पोरी शेतात गेल्या, आणि वरून निरोप आला की वर्ग भरला नाही तर बंद करू. मी पारावर गाव जमवलं आणि छापील मराठीत विद्येचं महत्त्व सांगितलं. काय बोलले होते मी! लोक "बाई चांगलं बोलनी" म्हणत उठले, आणि दुसऱ्या दिवशी वर्ग रिकामाच. चुलीपुढे रडत बसले तर तू माझ्याकडे बघितलंही नाहीस. "चांगलं बोलनी म्हनी गयात. हुंकारी कोनी दिनी का?" तव्यावरची भाकरी उलटलीस आणि हळूच म्हणालीस, "मन्ही गोट सांग. बाटल्यासनी."

आपल्या घरात ती गोष्ट कधी निघत नसे. माझ्या धाकट्या भावाचा ताप, दवाखान्यातून आणलेल्या दोन बाटल्या, एक पाजायची, एक छातीला चोळायची. घरी येईपर्यंत कोणती कुठली ते तू विसरलीस. चिठ्ठ्या चिकटवलेल्या होत्या, वाचणारं कोणी नव्हतं. ती गोष्ट तू मला देऊन टाकलीस, जशी लग्नात पाटली देतात तशी.

पुन्हा पार. तू बायकांत मागे, पदर पुढे ओढून. मी म्हणते, "एक माय व्हती. तिना हातमा दोन बाटल्या व्हत्यात." वाक्य संपवून मी थांबते. तेवढ्यात मागून तुझा आवाज येतो, "हूं." मी पुढचं वाक्य बोलते. पुन्हा तुझी हूं. मग शेजारणीची, मग पुरुषांतून एकाची. मी गावभर फिरलेली माय सांगते, कुलपं लागलेली दारं सांगते. एक म्हातारा न राहवून विचारतो, "मंग कोनती पाजी?" मी म्हणते, कोणतीच नाही, वाचणारा शेतातून परतेपर्यंत पोरगं गेलं होतं. त्यावरही पहिली हूं तुझीच आली, माय. ती कशी दिलीस ते मला अजून कळत नाही.

सकाळी पोरी आल्या. काहींच्या कडेवर भावंडं होती. वर्ग टिकला, आजही भरतो. तू मात्र राहिली नाहीस.

हे पत्र टाकू कुठे? आणि तुला वाचता तरी कुठे येत होतं? एक सांगते, कोणाला सांगितलेलं नाही. लिहिताना प्रत्येक वाक्य मी मोठ्यानं वाचतेय, आणि वाक्य संपलं की जराशी थांबतेय.