डॅनियलमामा आणि व्हेनिसचं पुस्तक

२ फेब्रुवारी १९६९, अंधेरी
ट्रंक उपसली. व्हेनिसचं नाही! लिव्होर्नो, आम्स्टरडॅम, बाकी सगळे छापे जागच्या जागी. माझ्या कब्बालाच्या, आमच्या गूढविद्येच्या, पुस्तकांतलं सगळ्यात जुनं तेच, आणि नेमकं तेच गायब. लेआ शांतपणे म्हणते, "ते फाटकं ना? मागच्या महिन्यात मशिदीतल्या जीर्ण पुस्तकांच्या पोत्यात दिलं. देवाचं नाव असलेलं पुस्तक रद्दीत घालू का?"
चूक माझीच. आणलं तेव्हा बायकोची बोलणी टाळायला मीच म्हटलं होतं, "अगं, फाटकंच आहे, कुणीतरी फुकट दिलं." घ्या आता!

३ फेब्रु.
ऑफिसला दांडी. आमच्या इस्राएली मशिदीत, म्हणजे सिनेगॉगमध्ये, गेलो. प्रार्थना चालवणारे हज्जान म्हणाले, "पोतं? शुक्रवारी पुरलं की. कुणाची माती असली की जीर्ण पुस्तकं त्याच्या बाजूला जातात, माहीत नाही का तुला?"
शुक्रवारी माती डॅनियलमामांची. मी होतो तिथं. खड्ड्याच्या कडेला पोतं पाहिलंही. तीन मुठी माती मीही टाकली. म्हणजे माझ्याच हातानं...
वाट लागली.

४ फेब्रु.
जेवण गेलं नाही. मामा पाच वर्षं मागत होते. "दे रे एकदा, वाचून परत देतो." आमच्यात ते वाचून समजणारा हा एकच माणूस. मी नुसता छापा ओळखणारा. हिब्रू अक्षरं लागतात, अर्थ शून्य. तरी दिलं नाही. पानं तुटतील म्हणे! आता कायमचं घेऊन गेले. बरं झालं, असंही वाटलं. मग रडूच आलं. कबर उकरायची गोष्ट तर तोंडातूनही काढता येत नाही.
लेआ जवळ येऊन बसली. "एलियाहू हन्नाबीला नवस बोला." बोललो.

६ फेब्रु.
मामांचा सातवा दिवस. घाटकोपरला मामींकडे गेलो. निघताना मामी म्हणाल्या, "थांब सॅमसन, तुझी वस्तू ने." पंच्यात गुंडाळलेलं. व्हेनिसचं!!
पोतं शिवायच्या आधी चाळायचं काम मामांचं, हे मी साफ विसरलो होतो. मामी म्हणाल्या, "ह्यांनी काढून आणलं. म्हणाले, सॅमसन हे टाकायचा नाही, काहीतरी चूक झालीय. मग उद्या देतो, उद्या देतो करत वाचत बसले. रागावू नकोस रे."
मी रागावू? त्यांचे हात धरून बसलो नुसता. बसमध्ये पुस्तक पोटाशी धरून वेड्यासारखा हसत होतो.

९ फेब्रु.
काल शब्बाथचा शनिवार, लिहिलं नाही. आज नवसाचा मलिदा. पोहे, गूळ, खोबरं, केळी. झकास. लेआ: "नवस तुमचा, खोबरं खवायचं मी! आणि आता खरं सांगा, फुकट मिळालेलं?" सांगून टाकलं. ओरडली थोडी. किती हलकं वाटलं.

११ फेब्रु.
ट्रंकेत ठेवण्याआधी उघडलं. मामांची खूण सापडली, औषधाच्या कागदाची पट्टी. नऊ पानं राहिली त्यांची. पाच वर्षांपूर्वी दिलं असतं तर...
हज्जानांना म्हटलं, पुढचं वाचून द्याल? "मला प्रार्थना येतात बाबा, हे नाही. मुलुंडला कोचीनकडचे एक म्हातारे आहेत, त्यांना विचार. पण ते पुस्तक ठेवून जा म्हणतील हं."
पुस्तक पिशवीत घातलं. काढलं. परत घातलंय. पिशवी दाराशी आहे.