शंभर टक्के हजेरी

चिखली,
रविवार, १६ फेब्रुवारी २०२५

ती. भालूदादास,

चारूचा नमस्कार.

घरची खुशाली आधी उरकून घेते, कारण पुढे बरंच लिहायचं आहे. आमच्या विहंगचा खोकला गेला, पण अभ्यासाला बसवलं की परत येतो. तुझ्या इराची बारावी चालू आहे, तेव्हा तिच्यासमोर हे पत्र वाचू नकोस. आणि पायऱ्या चढताना गुडघा धरून 'अगं आई गं' म्हणण्यापेक्षा एकदा डॉक्टरांना दाखव. शाळा तपासायला एवढा हिंडतोस, तेवढं तरी कर.

असलं काही फोनवर बोलायचं नाही, हे तूच बजावलंस, म्हणून कागदावर. बुधवारी शाळा सुटल्यावर मी उंद्रीवरून थेट खामगावला तुमच्याकडे आले होते. वहिनी म्हणाली, "हे बाहेर गेलेत." तुझ्या चपला दारात होत्या आणि आतून बातम्यांचा आवाज येत होता. वहिनीला खोटं बोलता येत नाही, तिचे कान लाल झाले होते. मी चहा घेतला आणि शेवटच्या गाडीनं परत आले. राग आला, पण तिचा नाही.

आमच्या शाळेचं कौतुक तुझ्यापर्यंत आलंच असेल. तूच केंद्रप्रमुख, निकाल तुझ्याच सहीनं लागला. सर्वेक्षण चाचणीत आमची सातवी केंद्रात पहिली. मुख्याध्यापकांनी फलक रंगवून घेतलाय, 'सातवी : शंभर टक्के हजेरी, केंद्रात प्रथम.' शाल-श्रीफळाचा कार्यक्रम ठरतोय आणि सत्कार माझा आहे म्हणे. फलक नेमका माझ्या वर्गाच्या दारावर लावलाय, त्यामुळे आत जाताना दरवेळी त्याच्याखालून जावं लागतं.

दादा, आता जे लिहिते त्यातलं बरंचसं तुला माहीत आहे. तरी सगळं एकदा सरळ लिहू दे, कारण आतापर्यंत आपण दोघांनी ते तुकड्या-तुकड्यानं आणि हळू आवाजातच बोललंय.

चाचणी संक्रांतीनंतरच्या आठवड्यात होती. त्या दिवशी माझ्या वर्गातली चार मुलं घरी राहिली. राहिली नाहीत, ठेवली. तू फोनवर समजावलंस ते मला पटलं होतं. कच्च्या मुलाला पाच-सात मार्क पडतात, गैरहजर असेल तर शून्य धरतात, म्हणजे दोन्हीकडून वर्गाची सरासरी बुडते. त्यापेक्षा कच्च्यांना घरी ठेवायचं आणि त्यांच्या नावावर आठवीतली हुशार पोरं बसवायची. "बाहेरून येणारे पर्यवेक्षक काय तुझ्या पोरांना ओळखतात?" असं तू म्हणालास आणि हसलास. मीही हसले. ते मुद्दाम लिहिते आहे. सगळ्या शाळा करतात, दरवर्षी करतात, त्यामुळे मला ते पाप वाटलंच नाही, रीत वाटली.

कोणती चार मुलं, हे मात्र तू माझ्यावर सोडलंस.

त्यातल्या तिघांना खरोखरच वाचता येत नाही. चौथी करिष्मा. ती अडखळते, पण वाचते. दिवाळीनंतर तर ती जोडाक्षरं बोट ठेवून सोडवायला लागली होती. तिच्याहून कच्चा एक मुलगा वर्गात होता, अजून आहे. पण त्याचे वडील ग्रामपंचायतीत आहेत. माझा मुलगा का नको, असं त्यांनी चारचौघांत विचारलं असतं. करिष्माला वडील नाहीत. आई, सिंधूताई, रोजानं शेतात जाते, आणि बाईंनी सांगितलं म्हणजे चांगलंच असेल असं मानते. विचारणारं कोणी नाही म्हणून मी तिचं नाव काढलं. हे मी आजवर कोणाजवळ बोलले नाही, तुझ्याजवळही नाही.

आदल्या संध्याकाळी मीच तिच्या घरी गेले. युनिफॉर्म धुऊन दोरीवर टाकला होता. पोरगी दारातच म्हणाली, "मॅडम, मी नवा पेन आनला." मी म्हटलं, उद्या येऊ नकोस, मोठे साहेब येणार आहेत, तू घाबरशील. ती म्हणाली, "मी नाई घाबरत. काऊन नाई येऊ?" तेवढ्यात सिंधूताईच तिच्यावर ओरडली, "मॅडम सांगून राह्यल्या ना, ऐकत जाय." आणि मला म्हणाली, "बसा, चहा टाकतो." मी बसले नाही.

दुसऱ्या दिवशी गावातल्या तुळशीरामच्या शेतात तुरीची मळणी होती. मजुरीला एक माणूस कमी पडत होता आणि पोरगी रिकामी घरी होती, म्हणून सिंधूताईनं तिला सोबत नेलं. रचलेल्या सुडीवरच्या पेंढ्या हडंब्यात, म्हणजे मळणीयंत्रात, लोटायला तुळशीरामनं तिला वर उभं केलं. ओढणी आधी गेली की हात आधी गेला, यावर गावात अजून वाद चालतो. मशीन बंद करेपर्यंत व्हायचं ते झालं होतं. अकोल्याला नेलं. उजवा हात कोपराखालून काढला.

त्या वेळी माझ्या वर्गात करिष्माच्या नावाच्या बाकावर आठवीतली पायल बसून पेपर सोडवत होती. मुख्याध्यापकांना फोन आला. ते दारात आले, मला बाजूला घेऊन सांगितलं, आणि वर म्हणाले, "मॅडम, आधी पेपर होऊ द्या." मी पेपर होऊ दिला. पायल खाली मान घालून गोल रंगवत होती आणि मी घंटा होईपर्यंत तिच्या पाठीमागे उभी होते. घंटेनंतर बाहेरून आलेल्या पर्यवेक्षकांसोबत उत्तरपत्रिका मोजल्या, पाकीट सील केलं, सही केली. मग शेताकडे गेले, तोवर तिला अकोल्याला नेलं होतं.

इथवर मी केलं ते भीतीपोटी आणि सवयीनं केलं, असं मी स्वतःला सांगत होते. पुढच्याला ते कारण पुरत नाही.

सिंधूताईनं तुळशीरामविरुद्ध तक्रार दिली. लहान पोरीला मशीनवर चढवलं ही चूक त्याची होतीच. तुळशीराम सरळ म्हणाला, पोरगी माझ्या शेतात नव्हतीच, शाळेत होती, हजेरी बघा. बाकीचे मजूर त्याच्याकडेच वर्षभर कामाला जातात, ते काय बोलणार? ठाण्यातले जमादार शाळेत आले. मुख्याध्यापकांनी हजेरी आणि निकाल त्यांच्यापुढे ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. जमादारांनी मला विचारलं, "मॅडम, ही मुलगी त्या दिवशी हजर होती का?"

मी हो म्हटलं.

त्या रात्री मी तुला फोन केला तेव्हा "जमादार येऊन गेले, काही झालं नाही" एवढंच सांगितलं. काही झालं नाही, असं मी म्हणाले होते. त्यावर तू म्हणालास, "झाकली मूठ सव्वा लाखाची." ती म्हण आता मला ऐकवत नाही, दादा.

माझ्या एका शब्दानं सिंधूताई खोटी ठरली. आता चौकशीत असं निघतंय की पोरीचा हात घरच्या घरीच कशात तरी गेला आणि आई पैशासाठी शेतकऱ्यावर घेते आहे. गावातल्या बायका तिला नळावर ऐकवतात. मागच्या सोमवारी ती शाळेच्या फाटकाशी येऊन उभी राहिली. मला वाटलं, शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "मॅडम, तुमीच तं घरी येऊन सांगून गेल्त्या. मंग पोलिसाले काऊन नाई सांगतलं? मी काई तुमचं वाईट केलं का?" मुख्याध्यापकांनी शिपायाला सांगून फाटक लावून घेतलं. मी आत होते. मला ती दिसत होती आणि तिला मी.

पायलही येऊन गेली. तिला रात्री झोप लागत नाही. "मॅडम, मी तिच्या जागेवर बसली म्हून तिचा हात गेला का?" असं विचारत होती. तेरा वर्षांच्या पोरीला आपण हे दिलं. मी तिला म्हटलं, तू नाही, तुला बसवणारे. ती म्हणाली, "मंग ते कोनाले सांगतान का तुमी?"

तू मुख्याध्यापकांकडे धाडलेला माझ्या जबाबाचा मसुदा मिळाला. करिष्मा हजर होती, पेपर संपल्यावर घरी गेली, अपघात त्यानंतर कुठे तरी झाला असावा. शुक्रवारपर्यंत त्यावर सही हवी आहे. अक्षर टाइप केलेलं असलं तरी भाषा तुझी आहे, मी लहानपणापासून ओळखते. मुख्याध्यापक म्हणाले, "पाण्यात राहून माशाशी वैर करू नका." घरी येऊन मी तो कागद दोनदा वाचला. एक शब्दही चुकलेला नाही. तू नेहमीच चांगलं लिहितोस.

मी सही करणार नाही. गुरुवारी ठाण्यात जाऊन दुसरा जबाब देणार आहे. आधी खोटं सांगितलं होतं, हेही त्यात असेल.

तुझं नाव गाळून तो लिहून पाहिला. तू जूनमध्ये निवृत्त होतोस, पेन्शन अडकेल, इराचं पुढचं शिक्षण आहे, वहिनी कोणत्या तोंडानं बाहेर पडेल, सगळं डोळ्यांसमोर आलं. आई गेल्यावर तूच मला शिकवलंस, डी.एड.ला तूच घातलंस. आपलेच दात, आपलेच ओठ. पण तुझं नाव गाळलं की असं होतं की एका बाईनं एका वर्गात एकटीनं काही तरी केलं. मला निलंबित करतील, प्रकरण मिटेल, आणि पुढच्या वर्षी तोच फोन दुसऱ्या शाळेत जाईल. मला भीती वाटते, दादा. नोकरीची वाटते आणि त्याहून जास्त तुझी वाटते. तू माझं तोंड पाहणार नाहीस हे मला माहीत आहे.

हे ठरवायला मला इतके दिवस लागले. कालपर्यंत मसुद्यावर सही करायची असाच माझा विचार होता, हे तुझ्यापासून लपवत नाही. काल करिष्माला बघायला गेले. पहिल्यांदाच. सिंधूताई शेतात गेली होती, म्हणूनच गेले. पोरगी खाटेवर बसली होती, हात गुंडाळलेला. मला पाहून उठून उभी राहिली, वर्गात राहते तशी. मी बस म्हटलं. इकडचं तिकडचं बोललो. मग तिनंच विचारलं, "मॅडम, लोकं म्हून राह्यले, माह्या नावाचा पेपर झाला. किती मार्क पडले?"

मी खोटं बोलू शकले नसते असं नाही. पण सांगितलं. पन्नासपैकी शेहेचाळीस.

ती रागावली नाही, रडली नाही. म्हणाली, "येवढे तं मले पडलेच नसते. मंग तुमी बरोबरच केलं मॅडम."

दादा, सात वर्षं ती आपल्या शाळेत आहे. एवढंच आपण तिला पक्कं शिकवलं.

गुरुवारी सकाळी मी ठाण्याबाहेर थांबेन. आलास तर तुझा जबाब तू दे. नाही आलास तर तुझाही मलाच द्यावा लागेल.

तुझीच धाकटी,
आणि करिष्माची वर्गशिक्षिका,
चारुलता