लाल टिक्याची बाटली

१२ जाने. १९५९, अमरावती
समाजशिक्षण वर्गात आज गटकाम. पाच-पाच मास्तरांचा गट, प्रत्येक गटाला रोजच्या वापरातली एक वस्तू. कुणाला कंदील, कुणाला कोठी. आम्हाला गावची औषधपेटी. सरांची अट : वाचता न येणाऱ्यानं हात घातला तरी हवी तीच बाटली लागली पाहिजे. म्होरक्या मी. न मागता झालो. स्वभाव.

१४ जाने.
पोटात घ्यायची औषधं खाली, वरून लावायची वर. वरच्या कप्प्यात दोनच, डोळ्यांचं औषध अन् जखमेवरचं टिंक्चर. बाटल्या सारख्याच. डोळ्यांच्या बाटलीला काळा टिका, बुबुळ म्हणून. टिंक्चरला लाल, धोका म्हणून. कल्पना माझी.
गटातल्या तायडेबाई अडल्या. "सर, लाल टिका तं देवाले लावतेत. बाया चांगलं समजून तेच उचलतीन."
म्हटलं, रेल्वेचा सिग्नल लाल असतो, जगाला कळतं.
"आमच्या गावात रेल्वे कुठी हाय?"
सगळे हसले. मी वर म्हणालो, तुम्ही तर दीक्षा घेऊन देव सोडलेत, तुम्हाला टिक्याचं काय? हे बोलायला नको होतं. हात वर केले, चारास एक.

१७ जाने.
गावातल्या बाईकडून पेटीची परीक्षा घ्यायची होती. वेळ नाही. वर्गाच्या शिपायाकडून घेतली, त्यानं बरोबर ओळखलं. राहतो स्टेशनासमोर! आमचा गट पहिला. अहवालात लिहिलं, 'खुणा सर्वानुमते'. पेटी अकोल्याकडे पिंपळखुट्याला जाणार, तशाच आणखी तीन इतर गावांना.

३ मार्च
वर्गाच्या सरांचं पत्र, शाळेच्या पत्त्यावर. पिंपळखुट्याच्या कौतिकाबाईंचे डोळे आले होते. पेटी त्यांच्याच ओसरीत. टिंक्चर डोळ्यांत टाकलं. दोन्हींत. अकोल्याच्या दवाखान्यात आहेत.

४ मार्च
जेवण गेलं नाही. सकाळी हिच्या कपाळावरच्या कुंकवाकडे बघवेना. "काय झालं?" विचारते. शाळेत फळ्याकडे तोंड करून उभा राहिलो, पोरं वाट बघत होती. भीती वाटते, सरळ भीती.

८ मार्च, अकोला
गेलो. दोन्ही डोळ्यांवर पट्टी. त्यांच्या जावेनं सांगितलं, पेटीवाले गुरुजी आले. बाई उठून बसायला लागल्या.
"लई गुनाची पेटी हाय तुमची. मीच चुकली असन. काया टिक्याले कोन हात लावते? देवाचा टिका पाहून घेतली."
संत्री हातात ठेवली. माझी चूक, एवढंच म्हणायचं होतं. ते न म्हणताच निघालो. परतीच्या मोटारीत शेजारच्या बाईला दोनदा कौतिकाबाई समजलो.

९ मार्च
तायडेबाईंकडे गेलो, माफी मागितली. त्या म्हणाल्या, "ते ऱ्हाऊ द्या. बाकीच्या पेट्यायचं काय केलं तुमी?"
काहीच केलं नव्हतं. सहा दिवस स्वतःचंच उगाळत बसलो. लाज वाटली. लगेच सरांना तार, मग सविस्तर पत्र : सर्वानुमते हे खोटं, तायडेबाईंनी आधीच सांगितलं होतं.

१३ मार्च
तिन्ही पेट्या परत आल्या. एकही कुणी उघडलेली नाही. सर पत्रात रागावले नाहीत, त्यानं जास्त लागलं.

१५ मार्च
जावेचा निरोप, त्यांच्या गावच्या मास्तरांच्या हातून. उद्या पट्टी काढणार. डॉक्टर काही सांगत नाहीत. कौतिकाबाई म्हणतात, "गुरुजींले समोर बसवा. दिसलं तं पह्यले त्याईलेच पाहीन."
सकाळच्या मोटारीनं जातो. चूक माझी हे पट्टी काढायच्या आधी सांगावं की नंतर? त्यांना दिसलं तर नंतर सांगता येईल. नाही दिसलं, तर…